काचेची घरे, सपाट छपरे आणि दोन चित्रकार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे ड्रॉइंगचे सर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की आम्हां दहा-बारा मुलांना घेऊन बाहेर पडत. हातात पुठ्ठा, त्याला क्लिपने अडकवलेला कागद आणि पाण्याची बाटली. मांडवीचा दरवाजा आम्ही किती वेळा काढला असेल याची गणती नाही. न्यायमंदिराच्या कमानी काढल्या, लक्ष्मीविलास राजवाड्याचा मनोरा काढला, विद्यापीठाचा घुमट काढला. एखादी रेघ वाकडी गेली, तर सर ती खोडू देत नसत. तिच्या शेजारी दुसरी काढायला लावत. त्या वाकड्या रेघांसकट ती चित्रे आजही काहींच्या घरी असतील.

मात्र ज्या इमारतीत बसून आम्ही ती चित्रे रंगवीत होतो, ती इमारत आमच्यापैकी कोणीही काढली नाही. सरांनी सांगितले नाही आणि आम्हांलाही सुचले नाही. आपल्या शाळेची ही आर.सी.सी.ची इमारत पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. सरळ सपाट स्लॅब, खिडक्यांवरून एकसलग धावणारा छज्जा, जिन्याला सिमेंटची चौकोनी जाळी, खाली करड्या मोझेकची फरशी. तिच्यात काढण्यासारखे काय होते? ती आमच्या दृष्टीने इमारतच नव्हती. ती नुसती शाळा होती. आता येत्या मे महिन्यात ती पाडली जाईल आणि तिच्या जागी पाच मजली वास्तू उभी राहील. या व्याख्यानाचे निमंत्रण देताना कार्यवाह सहज म्हणाले, “जुन्या इमारतीचं एखादं चित्र कुणाकडे असेल तर पाहा, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घालू.” मी पुष्कळांना विचारले. कोणाकडे नव्हते. वर्गाचे फोटो निघाले, पण त्यांत इमारत म्हणजे मागे उभ्या असलेल्या उंच मुलांच्या डोक्यावरून दिसणारी छज्ज्याची वीतभर पट्टी.

त्या शोधात असताना मला वारंवार एका दूरच्या शहराची आठवण होत राहिली. आपल्या शाळेसारख्याच सपाट छपरांच्या आणि सरळ रेषांच्या इमारती तेथे त्याच सुमारास उभ्या राहत होत्या आणि त्या नव्या कोऱ्या असतानाच दोन तरुण चित्रकारांनी त्यांची चित्रे काढली. ते शहर म्हणजे लॉस एंजेलिस आणि ते चित्रकार म्हणजे डेव्हिड हॉक्नी आणि एड रुशे. दोघांचाही जन्म १९३७ सालचा. आजचे व्याख्यान त्यांच्याविषयी आहे.

प्रथम त्या इमारतींविषयी थोडे सांगितले पाहिजे. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा कॅलिफोर्नियात घरांची मोठी टंचाई होती. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आलेले कामगार आणि परतणारे लक्षावधी सैनिक यांना घरे हवी होती. जानेवारी १९४५ मध्ये ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ या मासिकाचे संपादक जॉन एंटेन्झा यांनी एक योजना जाहीर केली. नामवंत वास्तुकारांनी नव्या काळाची घरे आखावीत, शक्य तेथे ती प्रत्यक्ष बांधावीत, कारखान्यात तयार होणारे साहित्य वापरावे आणि ती लोकांना पाहू द्यावीत. ‘केस स्टडी हाऊसेस’ या नावाने ही योजना १९६६ पर्यंत चालली. पोलादाचे किंवा लाकडाचे खांब आणि तुळया, त्यांच्यामध्ये भिंतींऐवजी सरकत्या काचा, वर सपाट छप्पर, आणि आत-बाहेर यांत शक्य तितका कमी पडदा, असे त्या घरांचे सर्वसाधारण रूप होते.

या मालिकेतले आठव्या क्रमांकाचे घर चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९४९ मध्ये स्वतःसाठी बांधले. तयार पोलादी सांगाडा, काच आणि रंगीत फलक यांचे हे घर समुद्राजवळच्या टेकडीवर निलगिरीच्या झाडांमागे उभे आहे. हे दांपत्य आपल्याला अगदीच परके नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते येथे आले, देशभर हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडिया रिपोर्ट’ नावाचा अहवाल सादर केला. त्यात त्यांनी सर्वांत अधिक गौरव कशाचा केला असेल, तर आपल्या घरातल्या लोट्याचा. पाणी किती मावेल, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहील, कडेवर आणि डोक्यावर कसा बसेल, धुवायला कसा, ओतायला कसा, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले. त्या अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. जी वस्तू आपण रोज विसळून ठेवतो तिच्याकडे बाहेरच्या माणसाने कसे पाहिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण लॉस एंजेलिसकडे ज्याने प्रथम चित्रकाराच्या डोळ्याने रोखून पाहिले, तोही बाहेरचाच होता.

या सगळ्या शैलीला आज ‘मिडसेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात. हे नाव लोकांच्या तोंडी बसले ते कारा ग्रीनबर्ग यांच्या पन्नाशीच्या दशकातील फर्निचरवरील १९८४ सालच्या पुस्तकामुळे. म्हणजे वस्तू जुन्या झाल्या, अडगळीत गेल्या आणि मग त्यांचे बारसे झाले. त्या नव्या होत्या तेव्हा त्यांना असे काही नाव नव्हते.

नव्या असताना त्यांची प्रतिमा लोकांपुढे ठेवली ती छायाचित्रकारांनी, विशेषतः जूलियस शुलमन यांनी. पिएर कोनिग यांनी टेकडीच्या कड्यावर बांधलेल्या बाविसाव्या क्रमांकाच्या घराचे त्यांचे १९६० सालचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी कोठे ना कोठे पाहिले असेल. रात्रीची वेळ, काचेच्या कोपऱ्यात गप्पा मारीत बसलेल्या दोन स्त्रिया आणि पायाखाली क्षितिजापर्यंत पसरलेले दिव्यांचे शहर. छायाचित्र अप्रतिम आहे. पण ते पाहणाऱ्याला म्हणते, की तूही येथे राहायला ये. ते घराचे आमंत्रण आहे. चित्रकारांनी जे केले ते निराळे होते.

हॉक्नी हा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गावचा. धूर, पाऊस आणि काळवंडलेला दगड यांत वाढलेला. जानेवारी १९६४ मध्ये तो प्रथम लॉस एंजेलिसला आला. या शहराची चित्रे कोणी काढलेली नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. लंडनची, पॅरिसची, व्हेनिसची चित्रे आपण इतकी पाहिलेली असतात, की ती शहरे आपल्याला तेथे जाण्याआधीच ठाऊक असतात. लॉस एंजेलिसचे तसे नव्हते. एका अर्धवट बांधलेल्या महामार्गाचा चढ आकाशात तुटलेला पाहून त्याला रोमच्या भग्नावशेषांची चित्रे कोरणाऱ्या पिरानेसीची आठवण झाली आणि या शहरालाही आपला पिरानेसी हवा असे वाटले. अठराव्या शतकातल्या पिरानेसीने हजार-दीड हजार वर्षांचे अवशेष काढले. या पोराने अजून बांधूनही न झालेला रस्ता पाहिला आणि त्याला तोच आठवला! मला या प्रसंगाचे फार अप्रूप वाटते.

लॉस एंजेलिसमध्ये त्याने तैलरंग सोडून अ‍ॅक्रिलिक रंग हाती घेतले. हा बदल नुसता सोयीचा नव्हता. तैलरंग सावकाश वाळतो, एकात एक मिसळतो, त्यात धुके आणि संध्याकाळ छान उतरते. अ‍ॅक्रिलिक चटकन वाळतो, त्याचा थर सपाट आणि एकसारखा बसतो, कडा धारदार राहते. प्लास्टरची गुळगुळीत भिंत, काच, निरभ्र आकाश आणि सपाट छपराची सरळ रेघ यांच्यासाठी याहून योग्य रंग नव्हता. वास्तूच्या द्रव्याने चित्राचे द्रव्य ठरवले, असे म्हणता येईल. १९६४ मध्येच त्याने पर्शिंग चौकातली एक इमारत आणि विल्शायर रस्ता काढला, १९६६ मध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यांची एक इमारत काढली. पाहायला येणारा प्रवासी ज्यांच्याकडे मान वळवूनही पाहणार नाही अशा या इमारती.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘अ बिगर स्प्लॅश’ १९६७ मधले. ते लंडनच्या टेट संग्रहालयात मी अनेक वर्षांपूर्वी पाहिले. जवळपास अडीच मीटर लांबीचा चौरस कॅनव्हास. मागे एक ठेंगणे घर, त्याला मोठी काच, वर बारीक सरळ छप्पर. दोन उंच माड. घरापुढे एक रिकामी खुर्ची. खाली पोहण्याचा तलाव, त्यावर कोपऱ्यातून पुढे आलेली सूर मारण्याची पिवळी फळी आणि मधोमध उसळलेले पांढरे पाणी. सूर मारणारा दिसत नाही. तो पाण्याखाली आहे. घर, आकाश, पाणी हे सारे त्याने रोलर फिरवून दोन-तीन हातांत रंगवले, आपल्याकडे रंगारी भिंत रंगवतात तसे. आणि क्षणार्धात विरून जाणारे ते उसळते पाणी त्याने लहान कुंचल्यांनी, एकेक रेघ ओढीत, सुमारे दोन आठवडे रंगवले. घर दोन क्षणांत आणि क्षण दोन आठवड्यांत! हे घर कोणा एकाचे नव्हे. कॅलिफोर्नियातल्या इमारतींच्या आपल्याच एका जुन्या रेखाटनावरून त्याने ते घेतले आणि पाण्याची उसळी घेतली ती तरण-तलावांवरच्या एका पुस्तकातल्या छायाचित्रावरून. चित्र काढले तेव्हा तो लॉस एंजेलिसमध्ये नव्हताही; तो उत्तरेस बर्कली येथे विद्यापीठात शिकवीत होता.

त्या चित्रापुढे उभे राहिल्यावर मला प्रथम जाणवली ती शांतता. शुलमनच्या छायाचित्रात माणसे बोलत असतात. येथे एकच आवाज झाला आहे आणि तो संपला आहे. या घरांतून सुख होते, ऊन होते, पैसा होता. हॉक्नी ते नाकारीत नाही. त्याला ते मनापासून आवडले होते. पण ती खुर्ची रिकामी का, हा प्रश्न चित्रापुढून हलल्यावरही आपल्या बरोबर येतो.

त्याच सुमाराच्या ‘बेव्हर्ली हिल्स हाऊसवाइफ’ या चित्रात काचेच्या घराची मालकीण गुलाबी झग्यात आपल्या अंगणात उभी आहे आणि शेजारी ल कार्बुझिएच्या आरामखुर्चीवर झेब्र्याचे कातडे. १९६८ मधल्या ‘अमेरिकन कलेक्टर्स’ या चित्रात फ्रेड आणि मार्शा वाइसमन हे संग्राहक दांपत्य आपल्या घरापुढे, आपल्या शिल्पांच्या मधोमध, एकमेकांकडे न पाहता उभे आहे. फ्रेडची मूठ मिटलेली आणि त्या मुठीतून रंगाचे ओघळ खाली आलेले. येथे माणसेही घरातल्या वस्तूंइतकीच नीट मांडून ठेवलेली आहेत. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये हे चित्र आहे. ते पाहताना मला आमच्या नात्यातल्या एका बंगल्याचा दिवाणखाना आठवतो, जेथे सोफ्यावरची प्लास्टिकची आवरणे पाहुणे आले तरी काढीत नसत.

आता त्याच्या एका कमी प्रसिद्ध चित्राकडे वळतो, कारण तेथून रुशेच्या चित्राकडे जाणारी एक वाट आहे. १९६७ च्या या चित्राचे नाव ‘सेव्हिंग्ज अँड लोन बिल्डिंग’. ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन कलेच्या संग्रहालयात आहे. विषय एवढाच : एका कचेरीचा दर्शनी भाग, म्हणजे चौकटींची एकसारखी जाळी. माणूस नाही, रस्ता नाही. दुरून पाहिले तर ते त्या काळात न्यूयॉर्कमध्ये जोरात असलेल्या भौमितिक अमूर्त चित्रांपैकी एक वाटावे. हॉक्नीचा मिस्कीलपणा यातच आहे. अमूर्त चित्रकार ज्या चौकटीपर्यंत मोठ्या तत्त्वचिंतनाने पोचले, ती त्याला रस्त्यात एका कर्ज देणाऱ्या संस्थेच्या रूपाने उभी असलेली सापडली.

‘सेव्हिंग्ज अँड लोन’ म्हणजे लोकांच्या ठेवी घेऊन घरबांधणीला कर्ज देणाऱ्या संस्था. लॉस एंजेलिसचा तो विस्तार, ती हजारो ठेंगणी घरे, या संस्थांच्या पैशावर उभी राहिली. त्या पैशात सर्वांना वाटा नव्हता. कृष्णवर्णीयांना घर विकण्यास किंवा भाड्याने देण्यास नकार देण्यावर बंदी घालणारा कायदा राज्याने १९६३ मध्ये केला. तो निष्प्रभ करण्याचा प्रस्ताव पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने संमत केला. पुढे न्यायालयांनी तो रद्द ठरवला, ही गोष्ट वेगळी. हॉक्नीच्या रिकाम्या अंगणांतून या इतिहासाचा उल्लेख नाही आणि त्याच्या मनात तो होता असे मी म्हणणार नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी चित्रात नसलेल्या माणसांचीही हजेरी घेतो.

या कर्जसंस्थांच्या दोन धनाढ्य मालकांनी, हॉवर्ड आमनसन आणि बार्ट लिटन यांनी, शहराला एक देणगी दिली. लॉस एंजेलिसला स्वतंत्र कलासंग्रहालय नव्हते. त्यांच्या आणि इतर दात्यांच्या पैशातून विल्शायर रस्त्यावर संग्रहालय उभे राहिले आणि १९६५ मध्ये ते उघडले. वास्तुकार विल्यम पेरेरा. उंच चौथऱ्यावर तीन शुभ्र मंडप, त्यांना बारीक उंच खांब आणि सभोवती कारंजी व पाण्याची कुंडे, जणू संग्रहालय पाण्यावर तरंगते आहे. शेजारीच ला ब्रेआ येथील डांबराचे प्रसिद्ध नैसर्गिक झरे, ज्यांत बुडून हिमयुगातले हत्ती अश्मीभूत झाले. ते डांबर जमिनीखालून वर येऊन त्या शोभिवंत कुंडांतून झिरपू लागले आणि काही वर्षांत ती बुजवावी लागली. दोन मंडपांना आमनसन आणि लिटन यांची नावे होती. लिटन यांचे आर्थिक ग्रह फिरल्यावर त्यांचे नाव निघाले आणि तेथे दुसऱ्या दात्याचे लागले. संगमरवरी पाट्यांचे आयुष्य किती असते, हे देणग्यांच्या पाट्या लावणाऱ्या सर्व संस्थांनी, आपणही, ध्यानात घ्यावे.

एड रुशे हा ओक्लाहोमात वाढलेला मुलगा १९५६ मध्ये लॉस एंजेलिसला कला शिकायला आला. त्याची नजर चित्रकाराची तशीच हिशेबनिसाची. ओक्लाहोमाकडे जाता-येता लागणाऱ्या पेट्रोल पंपांची छायाचित्रे काढून त्याने १९६३ मध्ये ‘ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स’ हे पुस्तक छापले. चित्रे सव्वीस पंपांची, वर्णन काही नाही. १९६५ मध्ये शहरातल्या सामान्य अपार्टमेंटांचे पुस्तक आणि १९६६ मध्ये ‘एव्हरी बिल्डिंग ऑन द सनसेट स्ट्रिप’. गाडीवर कॅमेरा बसवून त्याने त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत्येक इमारत टिपली आणि घडीच्या कागदावर सलग छापली. उलगडले तर पुस्तक जवळपास साडेसात मीटर लांब होते. महत्त्वाची इमारत मोठी, किरकोळ इमारत लहान, असा भेद नाही. आमच्या सरांनी आम्हांला मांडवीपाशी बसवले. रुशेने मांडवीपासून निघून प्रत्येक दुकान, प्रत्येक भिंत, मधली मोकळी जागासुद्धा नोंदवली असती.

चित्रांत मात्र त्याने एक खोडी केली. १९६३ मध्ये त्याने पेट्रोल पंपाचे मोठे चित्र काढले : खालच्या कोपऱ्यातून वर झेपावणारा छपराचा तिरपा पट्टा, जाहिरातीत असावा तसा धारदार. १९६४ मध्ये त्याने ला सिएनेगा रस्त्यावरचे ‘नॉर्म्स’ हे चोवीस तास उघडे असणारे स्वस्त उपाहारगृह काढले. आर्मेट आणि डेव्हिस यांनी १९५७ मध्ये बांधलेली ही इमारत त्या शहराच्या उडत्या, करवतीच्या दातांसारख्या छपरांच्या रस्ताशैलीचा नमुना आहे. चित्रात तिला आग लागलेली आहे. आणि १९६५ ते १९६८ अशी तीन वर्षे खपून त्याने काढले ‘द लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम ऑन फायर’.

या चित्राची लांबी तीन मीटरांहून अधिक, उंची सव्वा मीटरच्या थोडी वर. हेलिकॉप्टरमधून पाहावे तसे वरून दिसणारे पेरेराचे तिन्ही मंडप, तंतोतंत, एखाद्या वास्तुकाराच्या प्रतिकृतीसारखे. भोवती शहर नाही, गाड्या नाहीत, माणसे नाहीत. धुरकट पिवळसर हवा आहे. आणि डावीकडच्या मागच्या बाजूने, फारसा गाजावाजा न करता, आगीच्या ज्वाळा निघत आहेत. कोणी पळत नाही, कोणी विझवत नाही. हे चित्र १९६८ मध्ये प्रथम मांडले गेले तेव्हा गॅलरीने त्याच्यापुढे, गर्दी आवरण्यासाठी लावतात तशी, मखमली दोरी लावली होती आणि निमंत्रण तारेच्या नमुन्यात पाठवले होते, ज्यात अग्निशामक दलाचा अधिकारी चित्र पाहायला येणार असल्याचे म्हटले होते.

संग्रहालय उघडले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत सहा दिवस उद्रेक झाला, ३४ माणसे मेली, इमारती जळाल्या. त्याच वर्षी रुशेने हे चित्र हाती घेतले. अभ्यासकांनी हा संबंध दाखवला आहे. कोणी संग्रहालयांविषयीचा तरुणांचा राग दाखवला आहे. मला त्या चित्रात राग दिसत नाही. रागावलेला माणूस इमारत इतक्या प्रेमाने, खांब न खांब मोजून, काढीत नाही. मला त्यात दिसते ते एवढेच, की नव्या इमारतीकडे पाहतानाच तिचा अंतही ज्याला दिसतो असा हा माणूस आहे.

हे चित्र आज वॉशिंग्टनच्या हिर्शहॉर्न संग्रहालयात आहे. आणि पेरेराचे मंडप? एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या टाळेबंदीत शहर ओस पडलेले असताना, त्यांचे पाडकाम सुरू झाले आणि त्याच वर्षी ते संपले. पेटर झुमथोर यांच्या नव्या वास्तूसाठी जागा हवी होती. त्यांना आग लागली नाही. रीतसर निविदा काढून ते पाडले गेले. नॉर्म्सचे नशीब उलटे निघाले. तेही पाडले जाईल अशी भीती निर्माण झाली तेव्हा नागरिक जागे झाले आणि २०१५ मध्ये शहराने त्या उपाहारगृहाला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. संग्रहालय गेले, खाणावळ राहिली. जानेवारी २०२५ मध्ये पॅसिफिक पॅलिसेड्सच्या वणव्यात हजारो इमारती भस्मसात झाल्या, तेव्हा ईम्स दांपत्याचे घर धुराने माखले, पण वाचले.

आता या शैलीची चित्रे काढणारे पुष्कळ झाले आहेत. पाम स्प्रिंग्जची घरे, माड, तलाव आणि दारात उभी असलेली त्या काळची मोटार असली चित्रे चांगल्या किमतीला विकली जातात, काही कसबीही असतात. मला ती पाहायला आवडतात, पण फार वेळ पाहवत नाहीत. त्यांतला काळ आधीच गोड झालेला असतो. हॉक्नी आणि रुशे यांना ती सवलत नव्हती. त्यांच्यापुढच्या इमारतीला अजून सिमेंटचा वास येत होता. ती सुंदर आहे की भिकार, टिकेल की नाही, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नव्हता. पाहून ठरवायचे होते.

तुम्ही म्हणाल, हे झाले अमेरिकेचे. आपल्याकडे नवी वास्तू नव्हती का? होती. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मधून शिकून हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली गेले आणि परत येऊन त्यांनी पन्नाशीच्या दशकात अहमदाबादला ‘अटीरा’ या वस्त्रसंशोधन संस्थेची इमारत बांधली. तिच्या सरळ रेषांचे अनेक धाकटे, अनामिक भाऊ गुजरातभर उभे राहिले. आपली शाळा त्यांपैकीच एक. मूळ कल्पना ज्या मुलुखातून फोफावली तेथे वर्षाकाठी जेमतेम ३८ सेंटीमीटर पाऊस. आपल्याकडे त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. सपाट स्लॅबचा परिणाम जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल : श्रावणात प्रयोगशाळेत तीन बादल्या आणि एक घमेले. तो सूर आमच्या रसायनशास्त्राचा भाग होता.

आणि चित्रकार तर आपल्या गावात होतेच. १९५० मध्ये इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे येथे आले आणि त्यांनी ललितकला विद्याशाखेचा चित्रकला विभाग उभा केला. १९६२ मध्ये मुंबईहून आलेले भूपेन खख्खर हिशेबनीस होते. समीक्षकांनी त्यांचे नाव हॉक्नीशी अनेकदा जोडले आहे. १९७२ च्या सुमारास त्यांनी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे दुकान काढले, शिंप्याचे दुकान काढले. पाटी, कपाट, भिंतीचा रंग यांसह. चित्रात घेण्यासारखे ज्यात काही नाही असे सारे समजत होते, ते त्यांनी घेतले. हॉक्नीच्या तलावाकाठच्या रिकाम्या खुर्चीवर बडोद्यात खख्खरांनी घड्याळजीला आणून बसवले, असे मला पुष्कळदा वाटते. तो दुकानदार आपल्या रस्त्यावरचा होता. त्याच रस्त्याच्या पुढच्या वळणावर आपली शाळा होती. तेथपर्यंत कोणी आले नाही.

नवी इमारत होऊ नये असे मी म्हणत नाही. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत, वर्ग अपुरे आहेत, आणि ज्याला तिथे आपले मूल पाठवायचे नाही त्याने आठवणींच्या नावाने आडवे येऊ नये. मी विश्वस्तांकडे एवढेच मागितले, की मेपर्यंतचे शनिवार मला द्यावेत. आठवीची चौदा मुले तयार झाली आहेत. सूचना एकच केली आहे, की झाडे घालून इमारत झाकायची नाही.

त्यांच्या आधी मी स्वतः बसून पाहिले. गेल्या रविवारी सकाळी शिपायाने फाटक उघडून दिले आणि मी पूर्वेच्या जिन्यासमोर स्टुलावर बसलो. चाळीस वर्षांहून अधिक काळ ओळखीची ती सिमेंटची जाळी मी प्रथमच मोजली. आडवे सात चौकोन, उभे अकरा. वरून तिसऱ्या ओळीतला एक फुटलेला आहे; त्यात कोणी तरी खडूचे तुकडे साठवून ठेवले आहेत. दहाच्या सुमारास ऊन जिन्यावर उतरले आणि प्रत्येक पायरीवर त्या चौकोनांच्या तिरप्या सावल्या पडल्या, पायरीगणिक मोडत खाली आल्या. त्या सावल्या काही मला जमल्या नाहीत. दोन ठिकाणी रेघ वाकडी गेली, ती खोडलेली नाही. शेजारी दुसरी काढली आहे. कागद कार्यवाहांकडे दिला आहे. मुखपृष्ठावर घालण्याजोगा तो नाही, आतल्या पानावर कोठे तरी चालेल.